फ्रिजवरचं चुंबक

दीपगृहाच्या आकाराचं, फ्रिजवरचं ते चुंबक
खिशात टाकून शनिवारी निघाले मी.
गॅरेजातला डेन्झिल म्हणाला होता,
"रंगावर भाळू नकोस, पोरी, रंग खोटं बोलतो.
चुंबक लाव. चिकटलं नाही तिथं
लोखंड नाही, नुसती लांबी भरलेली आहे,
आणि लांबीवर बसून कुणी लांब जात नाही."

माझ्याकडे दोन हजार तीनशे पौंड.
रेडरूथच्या बेकरीत पहाटे चारपासून
पेस्टींना मुरड घालून दीड वर्षात जमवलेले.
वय एकोणीस. लायसन्स पाच महिन्यांचं,
अजून घडीही मोडलेली नाही.

पहिली लाल ट्रायम्फ, टप उघडा.
तिच्यात बसले आणि उगाच केस सारखे केले.
मग कुंपणाला टेकून विम्याच्या माणसाला फोन.
त्यानं वय विचारलं. गप्प झाला.
नंतर असा आकडा सांगितला
की गाडीच स्वस्त वाटावी.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
विकणारा मुलगाही एकविसाचाच होता.
"मलाही परवडत नाही," म्हणाला,
"आणि हिच्यात बाळाची खुर्ची बसत नाही."

दुसरी मिनी, हेलला, अगदी किनाऱ्यावर,
चाळीस वर्षं खारा वारा खाल्लेली.
चुंबक बॉनेटवर बसलं. दारावर बसलं.
दाराखालच्या पट्टीवर
टपकन खाली.
पुन्हा लावलं, पुन्हा खाली.
दीपगृह चिखलात आडवं.
"थंडीत होतं असं," मालक म्हणाला.
डेन्झिलनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

तिसरी बघायची नव्हतीच. वाटेत होती, इतकंच.
ऑस्टिन अलेग्रो, एकोणऐंशीची,
रंग दुधाच्या चहाचा, तोही निवून साय धरलेल्या.
ऐन तारुण्यातही हिच्याकडे
कुणी वळून पाहिलं नसेल.
श्रीमती ट्रेम्बाथ दार सरकवून बाजूला उभ्या राहिल्या.
"मागच्या चाकाच्या कमानीत गंज आहे," विचारायच्या आत म्हणाल्या,
"आणि बॅटरीखाली. चौथा गिअर कुरकुरतो.
डावा वायपर मनात येईल तेव्हा चालतो."
डेन्झिलनं तरी मला चुंबक फिरवायला लावलं.
सगळीकडे चिकटलं ते.
फक्त त्यांनी सांगितलं तिथं नाही.

पुढच्या कप्प्यात एक वही होती, बारीक अक्षराची:
आठ गॅलन. पाऊस. मॉडला दवाखान्यात नेलं.
सहा गॅलन. मॉडला परत आणलं.
माझ्या हातून त्यांनी ती हळूच घेतली.
"वही माझी," म्हणाल्या. "गाडी तुझी, घेणार असशील तर."
कप्प्यात उरलं एक
टोमॅटोच्या बियांचं पाकीट. तेवढं राहू दिलं.

सोळाशे पन्नास.
चाळिशी उलटलेली, म्हणून रस्ताकर माफ.
विम्याचा माणूस या खेपेला हसलाच,
"अलेग्रो? ती घेऊन पळणार कोण, आणि किती वेगानं?"
आकडा मात्र माणसात बसणारा होता.

कार्न ब्रीच्या चढावर बंद पडली, एकदा.
मागं सहा गाड्या, माझे कान लालेलाल.
"चोक ओढ," डेन्झिल म्हणाला. "अर्धा.
अर्धा म्हणजे अर्धा."
ती खोकली, थरथरली, आणि निघाली,
जणू थांबायचं तिनंच ठरवलं होतं.

घरी पोचले तर आई दारात,
गाडीकडे बघून काही न बोलता.
मग म्हणाली, "फ्रिजवरचं दीपगृह कुठं गेलं?
विजेचं बिल जमिनीवर पडलं होतं."
खिसे चाचपले. नव्हतं.

गाडीच्या टपावर होतं.
तिथूनच आलं, बारा मैल, चढ-उतार,
घट्ट धरून.

बिल अजून भरायचंय.